लिबरऑफिसची सामायिक मराठी मार्गदर्शिका: स्वयंसेवकांमध्ये काम कसं वाटावं?

टंकमित्र

नमस्कार. लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखा मोफत प्रोग्रॅम-संच) वापरणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. त्यात शिक्षक, ग्रामपंचायतीतले ऑपरेटर, थोडे डीटीपीवाले आणि काही निवृत्त मंडळी आहेत. बहुतेक जण श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या टंकलेखन प्रणालींवरून युनिकोडकडे (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षर-संकेतांकडे) आलेले. गटात फिरून फिरून तेच प्रश्न येतात: फॉन्ट बदलला तरी मराठी मजकूर बदलत नाही, वर्डमधली फाइल उघडली की पानं सरकतात, 'दुसऱ्या'मधला र कसा टाइप करायचा, जुन्या फाइलीतला मजकूर युनिकोडमध्ये कसा आणायचा. कोणीतरी नीट उत्तर देतं, आठवड्याभरात ते वर सरकून दिसेनासं होतं, आणि पुढचा माणूस पुन्हा तेच विचारतो.

म्हणून सगळ्यांनी मिळून मराठीत एक मार्गदर्शिका लिहायची ठरवलं आहे. बारा जणांनी होकार दिलाय, पण लिहिण्याची सवय असलेले त्यात चारच. २२ प्रकरणांची अनुक्रमणिका तयार आहे. प्रत्येकाला दोनेक प्रकरणं वाटून द्यावीत असा विचार आहे. विचारायचं ते असं:

- ही वाटणी चालेल का?
- गूगल डॉक्स घ्यावं, विकी (सगळ्यांना संपादता येणारी वेबपानं) घ्यावा की गिट (फाइलींतल्या बदलांच्या नोंदी ठेवणारी प्रणाली)?
- इंग्रजी गाइड तयार आहे, त्याचंच भाषांतर केलं तर सोपं पडेल का?
- लिहिलेलं बरोबर आहे हे कोणी तपासायचं?

---

शिरोरेषा

प्रकरणं वाटू नका. 'प्रकरण ७: तक्ते' अंगावर घेतलेला माणूस प्रस्तावनेतच अडकतो, आणि अर्धं प्रकरण कोणाच्याच उपयोगाचं नसतं. एक प्रश्न, एक पान, एका बैठकीत संपेल एवढं काम, हे एकक धरा. पान साधारण १५० ते ४०० शब्दांचं. त्याहून लांबलं तर त्यात बहुधा दोन प्रश्न मिसळले आहेत.

अनुक्रमणिका सध्या बाजूला ठेवा. गटातले गेल्या सहा महिन्यांचे प्रश्न एका स्प्रेडशीटमध्ये उतरवून घ्या. रकाने असे: विचारणाऱ्याच्याच शब्दांत प्रश्न, विंडोज की लिनक्स, लिबरऑफिसची आवृत्ती, बरोबर उत्तर कोणी दिलं, किती वेळा विचारलं गेलं. सारखे प्रश्न एकत्र केल्यावर तीन किंवा जास्त वेळा आलेल्यांची पानं आधी करायची. पहिल्या हप्त्यात १५ पानं पुरेत. यातल्या बऱ्याच पानांचं उत्तर कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं, फक्त त्याची परवानगी घेऊन नीट मांडायचं असतं. ज्यांना कोऱ्या पानाची भीती वाटते त्यांना हेच काम द्या. विचारणाऱ्याचे शब्द जपायचे, कारण शोधणारा माणूसही तेच शब्द टाइप करणार आहे. 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (सीटीएल, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) असं कोणी शोधत नाही, 'मराठी फॉन्ट बदलत नाही' असं शोधतात.

कोणालाही काम देण्याआधी एक पान स्वतः पूर्ण करून नमुना म्हणून दाखवा. सूचनांची यादी दिली तर बारा जण बारा तऱ्हांनी लिहितील, नमुना दिला तर निदान त्याच्या आसपास राहतील. उदाहरणार्थ तुमचा पहिलाच प्रश्न घ्या. पानावर हे हवं:

१. शीर्षक, म्हणजे अडचण जशी दिसते तशी: 'स्टाइलमध्ये फॉन्ट बदलला, मराठी मजकूर तसाच राहिला'.

२. थोडक्यात कारण, दोन-तीन वाक्यांत. रायटर (लिबरऑफिसमधला वर्डसारखा भाग) प्रत्येक स्टाइलमध्ये (नाव देऊन साठवलेल्या फॉरमॅटिंगमध्ये) लॅटिन लिपीसाठी एक फॉन्ट आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी वेगळा फॉन्ट ठेवतो. आकार आणि भाषाही वेगळी. वरचा रकाना बदलला की फक्त इंग्रजी बदलतं.

३. पायऱ्या. एफ-११ दाबून स्टाइल्सची पट्टी उघडा, डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलवर उजवी क्लिक करा, एडिट स्टाइल, मग फॉन्ट. तिथे सीटीएल फॉन्ट या भागात फॉन्ट, आकार आणि भाषा मराठी निवडा. एका पायरीत एकच कृती. नवाच्या वर पायऱ्या गेल्या तर पान तोडा.

४. झाल्यावर काय दिसायला हवं. हे लोक हमखास विसरतात. ते नसेल तर वाचणाऱ्याला आपलं काम झालं की चुकलं हे कळतच नाही.

५. तरीही झालं नाही तर. या उदाहरणात: मजकुराला स्टाइल सोडून थेट फॉन्ट लावलेला असेल तर स्टाइलमधला बदल तिथे पोचत नाही. मजकूर निवडून कंट्रोल+एम दाबा, थेट लावलेलं फॉरमॅटिंग निघून जाईल. ठळक-तिरपं केलेलंही जाईल, हेही लिहा.

६. कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या प्रणालीवर, कधी तपासलं.

भाषांतराचं म्हणाल, तर कायद्याने अडचण नाही. लिबरऑफिसची इंग्रजी गाइड क्रिएटिव्ह कॉमन्स अॅट्रिब्युशन ४.० किंवा जीपीएल ३ (किंवा त्यांच्या पुढच्या आवृत्त्या) अशा दुहेरी मुक्त परवान्याखाली आहेत, म्हणजे अटी पाळून कोणालाही वापरता येतात. तरी मी त्या वाटेला जाणार नाही. एकटं रायटर गाइडच शेकडो पानांचं आहे, ते प्रोग्रॅमच्या सोयींच्या क्रमाने लिहिलेलं आहे, आणि तुमच्या लोकांना जे नडतं (विंडोजमधला मंगल फॉन्ट नसणं, जुने फॉन्ट, जोडाक्षरं) ते त्यात जेमतेम सापडेल. शिवाय वर्षाला दोन नव्या आवृत्त्या येतात, म्हणजे भाषांतर संपेपर्यंत मूळ पुढे गेलेलं असणार. एखादी सोय नेमकी कशी चालते हे पडताळायला ते गाइड शेजारी उघडं ठेवा.

---

पायमोडका

साधनांबद्दल लिहितो. तुमच्या गटासाठी मीडियाविकी, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो तो प्रोग्रॅम.

गूगल डॉक्स पहिल्या पंधरवड्यात फार सोयीचं वाटतं. मग साठ पानांच्या एका फाइलीत सूचनांचा खच पडतो, कोणती स्वीकारायची हे कोणी ठरवत नाही, आणि व्हॉट्सॲपवर 'हे पान बघा' म्हणून नेमका दुवा देणं किचकट होतं.

गिट मला स्वतःला आवडतं, पण इथे नको. ओडीटी (रायटरची नेहमीची फाइल) ही मुळात झिप फाइल असते, त्यामुळे गिटला दोन प्रतींतला फरक ओळीओळीने दाखवता येत नाही. फ्लॅट ओडीटी म्हणून साठवली तर आत साधं एक्सएमएल असतं, फरक दिसतो, पण एक स्टाइल हलवली की इतक्या ओळी बदलतात की मजकुरातली खरी दुरुस्ती त्यात हरवते. मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा घालून लिहिण्याच्या पद्धतीत) हे प्रश्न नाहीत. पण ग्रामपंचायतीतल्या ऑपरेटरला ब्रँच आणि पुल रिक्वेस्ट (गिटमध्ये बदल सुचवण्याच्या पायऱ्या) शिकवण्यात जी ताकद जाईल तेवढ्यात दहा पानं होतील, आणि बारातले आठ तरी त्या पायरीवरच गळतील.

मीडियाविकी १.३५ पासून व्हिज्युअल एडिटर सोबतच येतो, विकीची चिन्हं शिकावी लागत नाहीत. प्रत्येक पानाचा इतिहास, चर्चा पान, पुनर्निर्देशन (एका नावावरून दुसऱ्या पानावर नेणं), साचे (पुन्हा पुन्हा वापरायचे तयार तुकडे), वर्ग हे सगळं आयतं मिळतं. पीएचपी आणि मारियाडीबी असलेली साधी होस्टिंग पुरते. बसवल्या दिवशीच दोन गोष्टी करा: अनामिक संपादन बंद, आणि नवं खातं फक्त प्रचालकाने (ॲडमिनने) उघडायचं. नाहीतर काही दिवसांत जुगाराच्या जाहिरातींची पानं तयार होतात. बॅकअप दर आठवड्याला, डेटाबेसचाही आणि चित्रांच्या फोल्डरचाही. दुसरं राहून जातं, आणि ते कळतं तेव्हा मजकूर परत आलेला असतो, चित्रं मात्र गायब.

आता मराठीतल्या खास भानगडी.

पानाचा पत्ता रोमन अक्षरांत ठेवा, दिसणारं शीर्षक मराठीत. देवनागरीतलं एकेक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या पद्धतीत) तीन बाइटचं, आणि दुवा कॉपी केला की त्याची टक्क्याच्या खुणांसकट नऊ अक्षरं होतात. 'मराठी' एवढ्या शब्दाचीच ४५ होतात. असा दुवा मेसेजमध्ये मध्येच तुटतो. फाइलींच्या नावांचंही तसंच: लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हं, मात्रा-वेलांट्या धरून.

शोध हा दुसरा त्रास. ॲ दोन प्रकारे टाइप होतो: एकसंध अक्षर (यू+०९७२, हे युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलं) किंवा अ वर चंद्र. दिसायला सारखे, संगणकाच्या लेखी वेगळे, आणि युनिकोडच्या सामान्यीकरणातही (समान अक्षरं एकरूप करण्याच्या नियमांतही) ते एक होत नाहीत. 'ऱ्य'चंही तसंच. ऱ (यू+०९३१) घेऊन हलन्त आणि य देणारे आहेत, तसेच साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालणारेही आहेत. शीर्षकांसाठी एकच पद्धत ठरवा आणि दुसरीकडून पुनर्निर्देशन द्या. फॉन्ट, फाँट, फॉण्ट यांचीही पुनर्निर्देशनं करून टाका. हे कंटाळवाणं काम आहे पण कोणालाही जमतं.

जाता जाता, शिरोरेषा यांनी वर 'अॅट्रिब्युशन' नेमकं दुसऱ्या प्रकारे लिहिलंय. या धाग्यातच शोधून बघा. कीबोर्डवर ॲ सापडत नसेल तर रायटरमध्ये इंग्रजी अंकांत ०९७२ टाइप करून लगेच आल्ट+एक्स दाबा.

---

टंकमित्र

'ॲट्रिब्युशन' एकसंध ॲ घेऊन शोधून पाहिलं, खरंच सापडत नाही. धन्यवाद. विकी घेतो. तपासणीचं मात्र कळत नाहीये. चार जण लिहिणार, मग बाकीच्या आठ जणांना काय काम द्यायचं? आणि परवाना कोणता ठेवायचा?

---

प्रत_तपासनीस

त्या आठ जणांवरच तुमची मार्गदर्शिका उभी राहणार आहे. लिहिणारे मिळतात, तपासणारे मिळत नाहीत, आणि महिन्याभरात 'तपासणी बाकी' या वर्गात वीस पानं साठतात. म्हणून सुरुवातीलाच माणसं वेगळी काढा. तीन लिहिणाऱ्यांमागे निदान दोन करून बघणारे हवेत.

करून बघणारा तो, ज्याला उत्तर माहीत नाही. त्याने फक्त पान समोर ठेवून पायऱ्या करायच्या, लिहिणाऱ्याला फोन करायचा नाही. आणि लिबरऑफिस सेफ मोडमध्ये सुरू करायचं: हेल्प मेनूतून 'रीस्टार्ट इन सेफ मोड', मग 'कंटिन्यू इन सेफ मोड'. त्यात तात्पुरतं कोरं प्रोफाइल मिळतं, स्वतःच्या सेटिंग धक्का न लागता राहतात. याची गरज का? वरचंच उदाहरण घ्या. काही संगणकांवर ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावरची 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' ही खूण बंद असते, आणि ती बंद असेल तर फॉन्टच्या खिडकीत सीटीएल फॉन्टचा भागच दिसत नाही. लिहिणाऱ्याने ती कधीकाळी चालू केलेली असते, त्यामुळे ती पायरी त्याच्या ध्यानातच येत नाही. शिरोरेषांच्या नमुन्यातही ती नाही, बघा.

'छान आहे' हा अहवाल चालत नाही. चर्चा पानावर तीन ओळी हव्यात: कोणत्या पायरीवर अडकलो, तेव्हा पडद्यावर काय होतं, पुढे कसा गेलो किंवा गेलो नाही. न अडकता झालं असेल तर आवृत्ती आणि तारीख टाकून साच्यात नोंद करायची.

भाषेची तपासणी वेगळी, त्यानंतरची, आणि ती शक्यतो एकाच माणसाने करायची. दोन्ही एकदम केल्या की सगळे ऱ्हस्व-दीर्घावर तुटून पडतात आणि चुकीची पायरी तशीच राहते. भाषेचे नियम एका पानात बसवा: 'निवडा, दाबा' असा आज्ञार्थ, मेनूची नावं पडद्यावर दिसतात तशीच (तुमच्या बहुतेकांचा इंटरफेस इंग्रजी असेल, तर तीच), मेनूच्या वाटेसाठी एकच खूण. मेनूंची मराठी नावं मनाने पाडू नका. इंटरफेस मराठीत वापरणारे असतील तर त्या इंटरफेसमधलीच नावं कंसात द्या.

मुदती आधी जाहीर करा. पान अंगावर घेतल्यापासून १४ दिवसांत मसुदा आला नाही तर ते आपोआप मोकळं होतं, कारण विचारायचं नाही. कारण विचारलं की माणूस ओशाळतो आणि गटातूनच जातो. तपासणी ७ दिवसांत झाली नाही तर पान 'करून पाहिलेलं नाही' अशा ठळक पट्टीसह प्रसिद्ध करा. आर्चविकीवर (आर्च लिनक्सच्या मदत-विकीवर) जुन्या किंवा शंकास्पद मजकुरावर अशाच पट्ट्या असतात, आणि वाचणारेच बरंच दुरुस्त करतात. मोझिलाच्या (फायरफॉक्सवाल्यांच्या) मदत पानांची पद्धत उलटी आहे: तपासनिसाने मंजूर केल्याशिवाय सुधारणा दिसत नाही. तिला रोज हजर असणारे तपासनीस लागतात, तुमच्याकडे ते नाहीत.

चित्रं कमी ठेवा. प्रत्येक चित्र पुढच्या आवृत्तीत जुनं होणार. शब्दांत सांगता येत नाही तिथेच घ्या, फक्त ती खिडकी, स्केलिंग १०० टक्के, पीएनजी. नमुन्याचा मजकूर बनावट हवा, कार्यालयातलं खरं पत्र नको. आणि रायटरमध्ये क्रॉप केलेलं चित्र फाइलीत अख्खं शिल्लक असतं, क्रॉप काढलं की लपवलेला आधार क्रमांक समोर. कातरायचं ते चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये, आणि झाकायचं तर भरीव काळ्या चौकोनाने, धूसर करून नव्हे.

आवृत्त्यांसाठी: २०२४ पासून क्रमांक वर्ष आणि महिन्याचे आहेत, २४.२ म्हणजे २०२४ चा फेब्रुवारी, २४.८ म्हणजे ऑगस्ट. 'तपासलं' या साच्यात आवृत्ती भरली की पान आपोआप त्या वर्गात जाईल असं करा. नवी आवृत्ती आली की तिच्या प्रसिद्धी-टिपणात ज्या भागांचा उल्लेख आहे तेवढीच पानं पुन्हा करून बघायची. सगळी तपासायची प्रतिज्ञा केली तर एकही तपासली जात नाही.

---

घाटवाट

सात दिवसांनी पट्टी लावून प्रसिद्ध, हे सरसकट नको. फॉन्टचं पान चुकलं तर माणूस वैतागेल, एवढंच. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणण्याचं पान चुकलं तर त्याची वीस वर्षांची फाइल बिघडेल. अशी पानं (रूपांतर, सगळीकडे शोधा-बदला, मॅक्रो) वेगळी काढा, त्यांना दोन वेगळ्या संगणकांवर तपासणी सक्तीची करा, आणि पहिली पायरी नेहमी 'मूळ फाइलीची प्रत करा, प्रतीवरच काम करा'.

त्या पानावर कारण नीट लिहा, नाहीतर लोक नुसता फॉन्ट बदलून बघत राहतात. जुन्या फाइलीत आत देवनागरी नसतेच, रोमन किंवा इतर चिन्हांचे सांकेतिक अंक असतात आणि फॉन्ट त्या जागी मराठी आकार दाखवतो. फॉन्ट मंगल केला की खरं रूप उघडं पडतं. शिवाय कोणत्या अंकाला कोणता आकार हे प्रत्येक फॉन्ट-मालिकेत वेगळं, म्हणून 'श्रीलिपीसाठी' एवढं पुरत नाही, फॉन्टचं नेमकं नावही हवं. दुसरी गोम क्रमाची: तिथे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षरानंतर, युनिकोडमध्ये उलट. रूपांतरकं इथेच चुकतात.

म्हणून एक चाचणी-ओळ ठरवून द्या आणि कोणतंही रूपांतरक आधी तिच्यावर चालवायला सांगा: 'मार्मिक, आर्थिक, वर्षी, स्त्रिया, दुसऱ्या, कुऱ्हाड, ऑक्टोबर, ॲप, बाळ, ज्ञान, ३/४', शिवाय अवतरणचिन्हं आणि कंस. अवतरणचिन्हं विशेषतः, कारण जुन्या फॉन्टमध्ये त्या जागी बऱ्याचदा एखादं अर्धं अक्षर बसवलेलं असतं.

---

प्रत_तपासनीस

मान्य. जोखमीच्या पानांना पट्टीची सवलत नको. साच्यात 'फाइल बदलते: होय / नाही' असा रकाना ठेवला की ती आपोआप वेगळी निघतील.

---

शिरोरेषा

सीटीएलची खूण राहिली हे बरोबर, नमुन्यात ती पायरी सर्वांत आधी घाला.

परवाना: क्रिएटिव्ह कॉमन्स अॅट्रिब्युशन-शेअरअलाइक ४.० (हो, पायमोडका, कीबोर्ड तोच आहे), म्हणजे श्रेय द्यायचं आणि बदललेली प्रतही याच परवान्याखाली द्यायची. लिबरऑफिसच्या गाइडमधला परिच्छेद श्रेय देऊन त्यात घेता येतो, विकिपीडियातलाही येतो कारण तिथे हाच परवाना आहे. आर्चविकीवरून मात्र उतरवू नका. तिथे जीएनयू फ्री डॉक्युमेंटेशन परवाना आहे, तो याच्याशी जुळत नाही. तिथलं वाचून स्वतःच्या शब्दांत लिहायला हरकत नाही.

भारतीय कायद्यात लेखनाचा पहिला मालक लिहिणाराच असतो, तुमचा गट आपोआप मालक होत नाही. म्हणून खातं उघडतानाच 'माझं लेखन या परवान्याखाली देत आहे' अशी लेखी संमती घ्या. नंतर बारा जणांना शोधत फिरणं जमत नाही. गटातलं जुनं उत्तर वापरतानाही त्या माणसाचा होकार चर्चा पानावर चिकटवून ठेवा. आणि जो नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहील त्याच्या मजकुराचा मालक बहुधा नोकरी देणारा असतो. शिक्षकांनी शाळेच्या प्रशिक्षणासाठी केलेल्या नोट्स तशाच टाकू नयेत.

---

टंकमित्र

शेवटचं एक. आमच्याकडे निम्म्या ठिकाणी इंटरनेट धड नाही. लोक छापील प्रत मागणार. ती विकीवरून कशी काढावी?

---

पायमोडका

सगळा विकी छापू नका. दर तीन महिन्यांनी, सर्वांत जास्त विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची दहा-बारा पानं घेऊन रायटरमध्ये एक पुस्तिका करा. हे काम एकाच माणसाकडे, डीटीपीवाल्यांपैकी कोणी. विकीवरून मजकूर आणताना 'पेस्ट स्पेशल'मधून साधा मजकूर म्हणून आणा आणि मग स्टाइल लावा. थेट चिकटवलं तर वेबचं फॉरमॅटिंग सोबत येतं आणि तुमच्या पहिल्या प्रश्नातलीच अडचण पुस्तिकेत उभी राहते.

फॉन्ट खुल्या परवान्याचा घ्या, 'मुक्त' (Mukta) या नावाचा किंवा नोटो देवनागरी. म्हणजे ज्याला ओडीटी हवी त्याच्याकडेही तोच फॉन्ट मोफत बसवता येतो. मंगल लिनक्सवर नसतो, तिथे दुसरा फॉन्ट येऊन पानं सरकतील. वाटायची ती पीडीएफ, तिच्यात फॉन्ट आतच जातो.

प्रत्येक पानाच्या तळाशी तीन गोष्टी छापा: पुस्तिकेची तारीख, लिबरऑफिसची आवृत्ती, आणि त्या पानाचा विकीवरचा छोटा रोमन पत्ता. कागद भिंतीवर चार-चार वर्षं चिकटलेला राहतो. दुरुस्ती करायची ती आधी विकीवर, मग पुस्तिकेत. पुस्तिकेची ओडीटी चार जणांकडे दिलीत की चार पुस्तिका होतील.